सातव्या माळेची कत्तल

१

सातव्या माळेला, दुपारी साडेतीनच्या सुमारास, सकवारबाई शेजारून पितळी ताट मागून घरी परतल्या आणि हॉलच्या दारातच ते ताट त्यांच्या हातून निसटलं. गोंब्यांच्या, म्हणजे कन्नड रिवाजाच्या दसरा-बाहुल्यांच्या, सात पायऱ्यांपैकी वरच्या तीन ओस पडल्या होत्या. दसऱ्यासाठी नटवून मांडलेल्या मातीच्या बाहुल्यांचा खाली फरशीवर खच पडला होता, आणि त्यातल्या एकोणीस जणींची मुंडकी धडावेगळी झाली होती.

खचाच्या मधोमध सात वर्षांची शिवानी उभी होती. तिच्या मुठीत शेट्टप्पाचं डोकं होतं. शेट्टप्पा म्हणजे तो ढेरपोट्या वाणी, दरवर्षी मांडणीत धान्याचे ढीग लावून बसणारा.

"काय केलंस गं हे?" सकवारबाई ओरडल्या.

शिवानी मागच्या बाजूला धूम पळाली.

पावणेचारला तिची आई रम्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, फुटून परत आलेल्या काचेच्या बरण्यांपुढे बसली होती. तिच्या फोनवर विल्सन गार्डनमधल्या त्यांच्या गल्लीच्या ग्रुपवरचा फोटो आला. मुंडकी, धडं आणि खाली शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांचा मजकूर: 'मोबाईलवर कापाकापी बघून मुलं अशी होतात. आईलोकांनो, आता तरी जाग्या व्हा.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

फोटोत मुलीचं नाव नव्हतं. नाव लिहायची गरजच नव्हती.

२

सिल्क बोर्डचा चौक ओलांडून घरी पोचेपर्यंत साडेपाच झाले. रम्याने चप्पल काढली तोच सासूबाईंनी, सकवारबाईंनी, टेबलावरचा कागद पुढे सरकवला.

"आनेकलच्या पलीकडची निवासी शाळा. धनलक्ष्मीचे यजमान हंबीरराव तिथले ट्रस्टी. सात वाजता ते आणि धनलक्ष्मी आरतीला येतायत. तुझी सही तेवढी राहिलीय."

"आत्याबाई, जूनमध्ये अक्कांनी हाच फॉर्म आणला होता. तेव्हा मामंजी काय म्हणाले होते?"

सकवारबाईंनी नजर चुकवली. सासरे भगवंतराव तेव्हा म्हणाले होते, 'नातीला हॉस्टेलात? मी जिवंत असेपर्यंत नाही.' आता रकानेन् रकाना त्यांच्याच अक्षरात भरलेला होता. यशवंतपूरच्या कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपरी केलेल्या माणसाचं टपोरं, उभं अक्षर. आज मात्र ते ओळीवरून घसरलं होतं.

"आत्ताच भरला त्यांनी. हे खोलीत टीव्ही बघत होते. आवाज मोठा होता, काही ऐकूच आलं नाही म्हणाले. माणूस हादरलाय गं. दुपारपासून भिंत धरून चालतायत, ती मेली काठीसुद्धा कुठे ठेवली आठवत नाही."

रम्याने नवऱ्याला फोन लावला. अजिंक्य हैदराबादच्या साइटवर होता. मागे ड्रिल घरघरत होतं.

"अप्पांनी ठरवलंय ना? मग थोडे दिवस जाऊ दे की. तू पण तिला सारखी मोबाईल देतेस, रम्या."

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. संध्याकाळी कुकर लावायचा, डबे घासायचे, आणि त्यात पाऊण तास जरा बसू म्हटलं की ती शिवानीला मोबाईल द्यायची. त्यात कसलासा तलवारवाला पोरगा भोपळ्याची डोकी असलेले राक्षस सपासप कापायचा. गेल्या महिन्यात शिवानीने पट्टी परजून वर्गातल्या ईशानच्या दंडावर वळ उठवला होता. रम्याने ते पाहिलं होतं आणि तरी दुसऱ्या दिवशी कुकर लावताना मोबाईल दिला होता.

"देते," ती म्हणाली. "त्याचं काय करायचं ते मी करीन. पण हे तिने केलंय का, ते मला आधी बघू दे. सही त्यानंतर."

"आणि तिनेच केलं असेल तर?"

रम्याने फोन ठेवून दिला. हाच प्रश्न दीड तास बसमध्ये तिच्या शेजारी बसून आला होता.

३

शिवानी मोरीत वॉशिंग मशीनच्या मागे दडून बसली होती. रम्या फरशीवर बसली, जमेल तेवढी आत सरकली आणि नुसता हात पुढे केला. बऱ्याच वेळाने दोन गार बोटं त्या हातात आली.

"आई, मी वाईट आहे का?"

"कोण म्हणालं?"

"सगळे. मी काही मारलं नाही गं. पण मी मनात मारत होते."

रम्याने ती बोटं मुठीत धरली. तिने आवाज सांभाळला. "कुठे बसली होतीस?"

"गोंब्यांच्या मागे. साडी टांगलीय ना, तिच्या आत. ती माझी गुहा आहे. मी हळूहळू फिरवत होते तलवार. खोटी, हाताचीच. राक्षस येत होता. मग लाइट गेली आणि एकदम धाडकन् सगळं पडलं. शेट्टप्पाचं डोकं माझ्या मांडीवर आलं. मी 'आई गं' केलं आणि डोळे मिटून पळाले."

"मग अज्जीला तू तिथे कशी दिसलीस?"

"परत गेले होते. शेट्टप्पा एकटा होता ना."

रम्याने तिला मशीनमागून ओढून कुशीत घेतलं. केसांत माती होती, कानामागे निळ्या रंगाची कपची. सगळे म्हणत होते ते खोटं असेल, तर बाहुल्या पडल्या तेव्हा ही पोर त्यांच्या बरोबर खाली बसलेली होती. आणि वर, साडीच्या पलीकडे, आणखी कोणीतरी उभं होतं.

४

रम्याचं काम काय, हे सासरी कोणी कधी नीट विचारलं नव्हतं. परत आलेली पेटी उघडायची आणि सांगायचं, की माल ट्रकमधून आपटला, पॅकिंग कच्चं होतं की गिऱ्हाईक थापा मारतंय. आठ वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. फुटलेली वस्तू खोटं बोलत नाही.

ती फरशीवर गुडघे टेकून बसली. धनलक्ष्मीअक्कांना मुंडकी छाटलेली दिसली होती. रम्याने एक मान उचलून उजेडात धरली. काठावर कुठे घाव नाही, ओरखडा नाही. मातीची बाहुली उंचावरून पडली की आधी मान जाते, कारण मान सगळ्यात बारीक. एकोणीसपैकी सतरांचं तेच झालं होतं. त्या नुसत्या पडल्या होत्या. कत्तल बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होती.

उरलेल्या दोघी सातव्या पायरीवरच्या. त्यांच्या उजव्या खांद्याचा चुरा झाला होता. मागे टांगलेल्या साडीला त्याच उंचीवर चीर पडली होती, रम्याच्या नाकासमोर. तिने शिवानीला पायऱ्यांपुढे उभं केलं.

"हात वर कर. आणखी. टाचा उचल."

बोटं कशीबशी पाचव्या पायरीला लागली. खालच्या चार पायऱ्या जशाच्या तशा होत्या. शेट्टप्पा सोडला तर धान्याचे ढीगसुद्धा हलले नव्हते. म्हणजे कोणी चढलंही नव्हतं.

"आत्याबाई, राजाराणी कुठे होते?"

लाल चंदनाची ती जोडी, पट्टद गोंबे, सकवारबाईंना लग्नात माहेरून मिळाली होती. मांडणीत तिचा मान पहिला.

"तेच तर! पाटावर आडवे घातले होते दोघं, शेजारी शेजारी. उशाला कापडाची घडी, वर पंचा पांघरलेला. मुडदे ठेवतात तसे! अंगावर काटा आला. मी आधी उचलून त्यांना उभं केलं, कुंकू लावलं. दसऱ्याआधी राजाराणी झोपत नाहीत, हे शेंबड्या पोरीलासुद्धा कळतं. पडले तर उभे करायचे."

"तुम्ही उभे केलेत. मीही केले असते. शिवानीनेही."

"मग? हिच्या खेळात काय दाखवतात कुणास ठाऊक."

रम्याने राजाराणींकडे पाहिलं. तिला हे कोणाचं काम आहे याची चाहूल लागली होती, आणि लागायला नको होती.

"वरचा उपेंद्र असेल," सकवारबाई एकदम म्हणाल्या. "दिवसभर सिनेमातली मारामारी जोडत असतो. शिवानी जाते ना त्याच्याकडे."

५

वरच्या खोलीत उपेंद्र मुळा चिरत नव्हता, मोडत होता. माइकसमोर धरून, कचाकच.

"या अक्का. हाड मोडायलोय. विलनचं."

तो निपाणीकडचा, घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि पोटापाण्याला सिनेमांचे आवाज. ठोसा म्हणजे ओल्या टॉवेलवर चप्पल, मान मोडणं म्हणजे मुळा.

"आज शिवानी आली होती वर?"

"नाही बघा. शपथेवर सांगतो. खाली काय बोलतायत ते ऐकलंय मी. माझ्यावर पण येतंय ना?"

"येतंय. दुपारी काय ऐकलंत?"

उपेंद्रने मुळा बाजूला ठेवला. आवाजाबद्दल विचारलं की तो दुसराच माणूस व्हायचा. "तीन वाजून पाच मिनिटांनी करंट गेला. माझं अर्ध्या तासाचं काम गेलं, म्हणून वेळ पाठ आहे. पाचएक मिनिटांत खाली आवाज झाला. एकच, अक्का. आधी लाकडासारखं 'टण्ण' आणि त्याच्या पाठीला लागून सगळं पडलं, धबधब्यासारखं. एकोणीस डोकी एकेक करून उडवायची तर एकोणीस आवाज यायला पाहिजेत की नको? मला असा सीन दिला असता तर मी तरी एकोणीस टाकले असते."

"मग?"

"मग काही नाही. एक पोरगी 'आई गं' म्हणाली. मग लई वेळ काहीच नाही. तेच मला विचित्र वाटलं. एवढं फुटल्यावर घरातलं मोठं माणूस ओरडतंय की. कोणी ओरडलंच नाही."

"करंट परत कधी आला?"

"चारला दहा कमी."

रम्या जिना उतरू लागली. सासूबाईंनी सांगितलेलं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. 'हे खोलीत टीव्ही बघत होते. आवाज मोठा होता, काही ऐकूच आलं नाही म्हणाले.'

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी गणपतीपासून मेलेली होती. तीन पाच ते तीन पन्नास या घरात कुठलाच टीव्ही लागू शकत नव्हता.

मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, एक काठी वाळत घातली होती. नुकती धुतलेली. मुठीखालच्या पितळी कड्याच्या खाचेत मात्र निळा रंग अडकून राहिला होता. शिवानीच्या कानामागे होता तोच.

६

भगवंतराव खाटेवर बसले होते. समोर टीव्हीवर लाल अक्षरं धावत होती. कुठल्यातरी घरात घुसलेले चोर, कॅमेऱ्यातलं धूसर चित्र, आणि तोच तुकडा पुन्हा, गोल करून, बाण दाखवून, पुन्हा. रम्याने बटण दाबलं. खोली एकदम केवढी शांत झाली!

"मामंजी, काठी बाहेर राहिली होती." तिने ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी काठीला हात लावला नाही.

"राजाराणीला पांघरूण घालणारा या घरात एकच माणूस आहे," रम्या म्हणाली. "आम्ही बायका दहा दिवस मांडतो, पुसतो, नटवतो. तुम्हाला आम्ही विजयादशमीच्या रात्री तेवढं बोलावतो, दोघांना झोपवायला. चाळीस वर्षं तुम्ही तेवढंच केलंत. त्यामुळे आजही, घाबरलेले असताना, तुम्हाला तेवढंच सुचलं."

बाहेरून रिक्षाचा हॉर्न आला. म्हातारा बोलला तो स्वतःशीच.

"टीव्ही बंद पडला. खिडक्या मी लावूनच ठेवतो, त्यामुळे काळोख. हॉलमध्ये खसखस ऐकू आली. बघतो तर साडी हलतेय. कोणीतरी आत उभं आहे. रम्या, मला तो दिसला गं. काळं जर्किन, हातात सुरा. खरोखर दिसला. काल दाखवलेला तोच."

"आणि तुम्ही काठी घातलीत."

"एक घातली." त्यांनी कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. "दुसरी खाली घालणार होतो. उचलली होती. वाटलं, तो वाकलाय. तेवढ्यात आतून 'आई गं' आलं. रम्या, काठी वर होती माझी. तिच्या डोक्यावर."

रम्या खाली बसली, खाटेचा खूर घट्ट धरून. ते डोकं, मातीने भरलेले ते केस, अर्ध्या तासापूर्वी तिच्या हनुवटीखाली होते.

"म्हणून हॉस्टेल?" तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

"उंच भिंत आहे तिथे. दाराला पहारा आहे. आणि मी नाही." ते रडत होते, त्यांना कळतही नव्हतं. "मला रात्रंदिवस चोर दिसतात. दूधवाला चोर दिसतो. माझी मलाच भीती वाटते. ने तिला माझ्यापासून लांब."

तिला दया आली. आणि दयेच्या पाठोपाठ असा संताप आला, की ती उभी राहिली.

"ती दोन तास मोरीत बसून होती, मामंजी. 'मी वाईट आहे का' म्हणून विचारत होती. आणि तुम्ही इथे बसून तिचं नाव, जन्मतारीख, रक्तगट भरत होता! मी पाऊण तास मोबाईल दिला, तर गल्लीने मला फासावर दिलं. तुम्ही रोज सहा तास हे गिळता. तुमच्या मनगटाला कोणी धरलं नाही, कारण तुम्ही मोठे. मोठ्यांना काही होत नाही, नाही का?"

भगवंतरावांनी काठी मांडीवरून उतरवून खाली ठेवली.

"लांब कोणी जाणार नाही. ती इथेच वाढेल. जायचं असेल तर या टीव्हीच्या डबड्याने जावं. आणि मोबाईलचं मी बघते. उद्यापासून कुकर तिच्याबरोबर लावीन, जेवायला उशीर झाला तर झाला. पण आधी तुम्ही तिला सांगायचं. मग बाहेर, सगळ्यांसमोर."

"बाहेर? हंबीररावासमोर?"

"फोटो सगळ्यांनी बघितलाय."

७

सात वाजता हॉल बायकांनी भरला. आल्या त्या दारातच थबकल्या. रम्याने कचरा भरला नव्हता. पायऱ्यांवर एकोणीस बिनडोक्याच्या बाहुल्या पुन्हा उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पायाशी तिचं डोकं नीट ठेवलेलं होतं.

"शिव शिव! भंगलेलं मांडतात का कधी?" धनलक्ष्मीअक्का म्हणाल्या. "सकवारबाई, तुम्ही तरी सुनेला स्वल्प सांगायचं."

सकवारबाईंना अर्ध्या तासापूर्वी सगळं कळलं होतं. डोळे सुजले होते, पण ताठ बसल्या होत्या. "मीच मांडल्या तिच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

हंबीररावांनी घसा साफ केला. "सही झाली का? सोमवारपासून घेतील मुलीला. डिसिप्लिन फार चांगली आहे."

रम्याने फॉर्म त्यांच्या हातात दिला. सहीच्या जागी तिने लिहिलं होतं: नाही.

"ही काय पद्धत?"

"हंबीर, बस," भगवंतराव म्हणाले. ते खोलीच्या दारात उभे होते, चौकट धरून. "बाहुल्या मी फोडल्या."

प्रसादाच्या उसळीचा चमचा कुठेतरी पातेल्यात पडला. त्यांनी सगळं सांगितलं. करंट गेला, साडी हलली, चोर दिसला, काठी उचलली. दुसरी काठीही सांगितली. ती सांगताना मध्ये थांबले, पण गाळली नाही. उपेंद्र जिन्याच्या पायरीवर हात बांधून ऐकत होता.

धनलक्ष्मीअक्कांना आधी कंठ फुटला. "जाऊ दे अण्णा, कशाला चारचौघांत. घरातली गोष्ट आहे."

"दुपारी फोटो टाकलात तेव्हा नव्हती घरातली," रम्या म्हणाली. "हेही टाका, अक्का. त्याच ग्रुपवर. तुम्हाला जमत नसेल तर मी लिहून देते."

"पण मोबाईलचं मी काही खोटं नाही बोलले हं. माझ्या बहिणीचा नातू..."

"नाही बोललात. तो दोष माझ्या पदरात आहे, मी नाही झटकत. पण तुम्ही फोटोत कापलेली मुंडकी बघितलीत. एकीने तरी विचारलं का, पडली तर नसतील? आपण सगळ्यांनी रोज काय बघितलंय, म्हणून आपल्याला आधी कत्तलच सुचली?"

मग सकवारबाई उठल्या, निरांजन पेटवलं आणि म्हणाल्या, "चला, आरती म्हणा. बाहुल्या फुटल्यात, देवी नाही."

आरती झाली. अक्कांनी जाताना फोनवर काहीतरी टाइप केलं, पुसलं आणि पुन्हा टाइप केलं.

शिवानी सगळ्या मुलांना उसळीचे द्रोण वाटत फिरली. अज्जाने तिला आरतीआधीच सांगितलं होतं, जमिनीवर बसून, तिच्या उंचीवर येऊन. तिने ते ऐकून घेतलं होतं आणि ती उठून गेली होती. आता शेवटचा द्रोण उरला. ती भगवंतरावांच्या समोर येऊन थांबली, हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर.

रम्या जागेवरून हलली नाही.

"आधी हात दाखव," शिवानी म्हणाली.

भगवंतरावांनी उजवा हात पुढे केला.

"दोन्ही."

त्यांनी दुसराही केला. दोन्ही तळवे वर, रिकामे. पोरीने ते निरखून पाहिले, उलटसुलट करायला लावले, पुन्हा पाहिले. मग तिने द्रोण त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि त्यांच्या शेजारी, मध्ये वीतभर जागा सोडून, बसली.